शॅक की कोबी? सलग तीन विजेतेपदांच्या लेकर्सचं इंजिन कोण होतं?

चौथा क्वार्टर (धागाकर्ता)

'सर्वोत्तम लेकर कोण' या जुन्या धाग्यावर बास्केटबॉलपटू शॅक (शकील ओनील) आणि कोबी (कोबी ब्रायंट) यांच्यावरून इतकं रण पेटलं की मूळ विषय बाजूलाच राहिला. म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

रिंगखाली कुणालाच न आवरणारा धिप्पाड सेंटर संघाला जास्त देतो, की मैदानाच्या कुठल्याही कोपऱ्यातून गुण काढणारा विंग? हा प्रश्न हवेत विचारला की जो तो आपल्या लाडक्या खेळाडूचं नाव घेतो आणि ढीगभर प्रतिसादांनंतर सगळे होते तिथेच असतात. पण एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमध्ये एकदा असं घडलं की या दोन्ही प्रकारांतले त्या काळातले अव्वल खेळाडू, सेंटर शॅक आणि विंग कोबी, एकाच संघात, एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली, भर उमेदीत एकत्र खेळले. लॉस एंजेलिस लेकर्स, १९९६ ते २००४. त्यातही फिल जॅक्सन आल्यानंतरचे १९९९-२००० पासूनचे पाच मोसम. तुलना करायची तर हीच घ्यावी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. २०००, २००१ आणि २००२ या तीन विजेतेपदांचं इंजिन शकील ओनील होता. कोबी ब्रायंट नसता तर तिन्ही हाती लागली नसती हे मला शंभर टक्के मान्य आहे. तरीही गाडी ओढत होता तो शॅक.

१९९९-२००० च्या मोसमात त्याची सामन्यामागे सरासरी २९.७ गुण आणि १३.६ रिबाऊंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेला चेंडू). एमव्हीपी म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या मानासाठी १२१ पैकी १२० मतं त्याला, उरलेलं एक ॲलन आयव्हरसनला. संघाने ८२ पैकी ६७ सामने जिंकले. ६ मार्च २००० ला, स्वतःच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, क्लिपर्सविरुद्ध ६१ गुण. हे झालं साखळीतलं. अंतिम फेरीत माणूस आणखी वर गेला: इंडियानाविरुद्ध सरासरी ३८ गुण, फिलाडेल्फियाविरुद्ध ३३, न्यू जर्सीविरुद्ध ३६.३. तिन्ही वेळा अंतिम फेरीचा एमव्हीपी तोच. आणि २००१ साली फिलाडेल्फियाकडून त्याच्यासमोर उभा होता डिकेंबे मुटोम्बो, त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू! त्याच्या डोक्यावरून हे ३३ आले.

आता आकडे बाजूला ठेवा आणि एक करून बघा. त्या काळातला कुठलाही सामना लावा आणि चेंडूकडे न बघता फक्त शॅककडे बघा. तो धावत येतो, रिंगपासून सहा-सात फुटांवर थांबतो, गुडघे वाकवतो आणि मागच्या माणसाला कमरेने रेटून जागा पक्की करतो, आखाड्यात पैलवान पाय रोवून उभा राहतो तसा. एक हात मागे अडवलेला, दुसरा वर, पंजा उघडा. चेंडू अजून लांब, सहकारी रॉन हार्परच्या हातात आहे. तेवढ्यात विंगवरचा बचावपटू एक पाऊल आत सरकतो. कोपऱ्यात रॉबर्ट हॉरीवर ठेवलेला माणूस मान वळवून आत बघायला लागतो. शॅकचा हात चेंडूला लागायच्या आधीच समोरच्या पाचांपैकी तिघांनी जागा सोडलेली असते. हे कुठल्याच स्कोअरशीटमध्ये लिहिलं जात नाही.

कोबीवर दुसरा माणूस यायचा तो त्याने चेंडू घेऊन ड्रिबल सुरू केल्यावर. शॅकवर यायचा तो चेंडू पोचायच्या आधी. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे.

मैदानाबाहेरची त्यांची भांडणं कृपया इथे आणू नका, त्यावर भरपूर लिहून झालंय. खेळावर बोलू.

उडता गरुड

धागा छान, मत साफ अमान्य.

१४ जून २०००, इंडियानापोलिस, अंतिम फेरीचा चौथा सामना. शॅकने ३६ गुण आणि २१ रिबाऊंड काढलेत, सामना जादा वेळेत गेलाय, आणि अडीच मिनिटं शिल्लक असताना साहेब सहावा फाऊल घेऊन, म्हणजे बाद होऊन, बाकावर. आता तुमचं इंजिन कुठे गेलं? दुसऱ्या सामन्यात घोटा मुरगळल्यामुळे तिसरा सामना न खेळलेला एकवीस वर्षांचा पोरगा त्या जादा वेळेत ८ गुण काढतो. शेवटची बास्केट बघा: ब्रायन शॉचा शॉट हुकतो आणि कोबी कुठून तरी उडी घेऊन चेंडू उलट्या हाताने आत ढकलतो. १२०-११८. तो सामना गेला असता तर मालिका २-२ अशी बरोबरीत आली असती, आणि पुढचा सामनाही तिथेच होता, जो लेकर्स हरले.

माझा मुद्दा साधा आहे. सेंटर कितीही मोठा असला तरी त्याला चेंडू कुणीतरी आणून द्यावा लागतो. पास देणाऱ्यावर दाब टाकला, समोरून आडवा माणूस उभा केला, की सात फूट एक इंचाचा माणूस हात वर करून नुसता उभा. विंगला कुणाची परवानगी लागत नाही. शॉट-क्लॉकवर (शॉट घ्यायला मिळणाऱ्या २४ सेकंदांचं घड्याळ) चार सेकंद उरलेत, सगळा डाव फसलाय, अशा वेळी चेंडू कुणाकडे जातो?

ढब्बू मिरची

वाचतेय. दोघांचेही मुद्दे पटतायत, त्यामुळे मी कुंपणावर.

चौथा क्वार्टर

@उडता गरुड, चौथा सामना मला तोंडपाठ आहे आणि त्याबद्दल कोबीला सलाम. पण तिथवर मालिका कुणी आणली? पहिल्या सामन्यात ४३ गुण आणि १९ रिबाऊंड. दुसऱ्यात ४० आणि २४. त्या अख्ख्या मालिकेत कोबीची सरासरी १५.६ होती. घोट्यामुळे कमी होती, हे धरूनच म्हणतोय.

आणि तुमच्या 'परवानगी लागत नाही' या मुद्द्याची परीक्षा पुढे झालीच. २००२ च्या उन्हाळ्यात शॅकने पायाच्या अंगठ्याची शस्त्रक्रिया लांबवली आणि २००२-०३ मोसमाचे पहिले बारा सामने तो खेळला नाही. कोबी पूर्ण तंदुरुस्त, बहरात. त्या मोसमात त्याने ३० च्या सरासरीने गुण काढले. त्या बारा सामन्यांत लेकर्स जिंकले ३ आणि हरले ९. सलग तीनदा विजेता ठरलेला संघ, तीच माणसं, तोच प्रशिक्षक, फक्त रिंगखालचा माणूस नाही. याउलट १९९९-२००० च्या सुरुवातीला कोबी हात मोडल्याने १५ सामने बाहेर होता, तेव्हा संघ मजेत जिंकत होता.

दशांश

फ्री थ्रोचा (फाऊलनंतर रेषेवरून मिळणारा, कुणी न अडवता घ्यायचा एका गुणाचा शॉट) विषय कुणीतरी काढणारच, म्हणून मीच काढतो. शॅकविरुद्धचा हा सगळ्यात लाडका मुद्दा, आणि हिशेब मांडला तर वाटतो तेवढा मोठा निघत नाही.

शॅकची कारकिर्दीतली फ्री थ्रोची टक्केवारी ५२.७. म्हणजे त्याला मुद्दाम फाऊल करून दोन फ्री थ्रो दिले तर सरासरी १.०५ गुण मिळणार. १९९९-२००० मध्ये लीगमधला सरासरी संघ १०० पझेशनमागे (चेंडू ताब्यात असण्याची एक खेप म्हणजे एक पझेशन) १०४ गुणांच्या आसपास काढत होता, म्हणजे एका पझेशनमागे १.०४. थोडक्यात, 'हॅक-ए-शॅक' करून समोरचा संघ लेकर्सला एका सर्वसाधारण आक्रमणाइतके गुण आयते देत होता. वर दुसरा फ्री थ्रो हुकला तर रिबाऊंड घ्यायला हॉरी, ए. सी. ग्रीन टपलेले. वर प्रत्येक फाऊलमागे तुमचा एक उंच माणूस सहाच्या जवळ जाणार.

२००० च्या अंतिम फेरीचा दुसरा सामना या डावपेचाचं टोक. इंडियानाने शॅकला ३९ फ्री थ्रो घ्यायला लावले. त्याने १८ टाकले. निकाल? लेकर्स १११, पेसर्स १०४.

हे सरासरीचं झालं. वाईट रात्र आली की चित्र वेगळं, तेही नोंदवतो: ८ डिसेंबर २००० ला सिॲटलविरुद्ध ११ पैकी शून्य. अशा रात्री प्रशिक्षकाच्या पोटात गोळा येणारच. कोबी कारकिर्दीत ८३.७ टक्क्यांनी टाकायचा, त्यामुळे शेवटच्या मिनिटात दोन गुणांची आघाडी सांभाळायची असेल तर चेंडू त्याच्या हातात हवा, यावर वादच नाही. वाद आधीच्या ४७ मिनिटांचा आहे.

उडता गरुड

@दशांश, हिशेब मस्त. पण फ्री थ्रोमुळे खेळाची लय तुटते त्याचं काय? दर वीस सेकंदांनी घड्याळ थांबलं की बाकीचे चार जण थंड पडतात, समोरच्यांना बचाव लावायला निवांत वेळ मिळतो, फास्ट ब्रेक बंद. हे १.०५ मध्ये कुठे धरलंय?

दशांश

धरलेलं नाही, आणि मुद्दा रास्त आहे. पण लय दोन्हीकडची तुटते. फाऊल करायला बाकावरचे उंच पण मंद खेळाडू आत आणावे लागतात, आणि पलीकडच्या टोकाला त्यांना घेऊनच आक्रमण करावं लागतं. शिवाय चेंडूपासून लांब मुद्दाम केलेल्या फाऊलला शेवटच्या दोन मिनिटांत एक फ्री थ्रो आणि वर चेंडूचा ताबा मिळतो, हा नियम तेव्हाही होता. म्हणजे ऐन निर्णायक क्षणी हा डाव खेळताच येत नव्हता. २०१६ पासून हेच संरक्षण प्रत्येक क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांना लागू झालं.

फ्रीमाँटची मावशी

मी सॅक्रामेंटो किंग्जच्या बाजूची, त्यामुळे या दोघांनीही मला रडवलंय. शत्रूपक्षाची साक्ष म्हणून ऐका.

आमच्याकडे व्लादे दिवाच होता. योगायोग बघा, १९९६ मध्ये लेकर्सनी ज्याला शार्लटला देऊन कोबीला घेतलं तोच हा दिवाच. नंतर तो आमच्याकडे आला आणि वर्षानुवर्षं त्याच्यावर शॅकला अडवायची पाळी आली. ताकदीने अडवणं शक्यच नव्हतं, म्हणून धक्का लागला रे लागला की तो मागे कोसळायचा. पंचांनी शॅकविरुद्ध फाऊल दिला तर ठीक, नाहीतर शॅक त्याच्या अंगावरून डंक मारून (उडी घेऊन चेंडू वरून रिंगमध्ये हाणून) मोकळा. दिवाच थकला की स्कॉट पोलार्ड. त्याचे फाऊल भरले की आणखी कुणी. प्रत्येक उंच माणसाचे सहा फाऊल ही शॅकवर खर्च करायची शिल्लकच होती. केवळ एका माणसासाठी पश्चिमेतल्या संघांनी बाकावर जादा सेंटर सांभाळले. विंगसाठी असं कुणी केलेलं मला आठवत नाही.

२००२ च्या पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेतला सहावा सामना मी अजून विसरलेले नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये लेकर्सना २७ फ्री थ्रो मिळाले. त्या पंचगिरीबद्दल मला जे वाटतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण तो राग बाजूला ठेवूनही सांगते, आम्हाला झोप लागू द्यायचा नाही तो शॅक. कोबीने ३० काढले तर 'चालतंय, बाकीच्यांना रोखू' असं म्हणता यायचं. शॅकने पहिल्या क्वार्टरमध्ये दिवाचला दोन फाऊल लावले की अख्खा सामना वेगळा व्हायचा.

जुना खेळाडू

नियमांकडे कुणीच वळलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझ्या मते ही तुलना नियमपुस्तक बाजूला ठेवून करताच येत नाही.

बास्केटबॉलचा इतिहास म्हणजे उंच माणसाला आवरण्यासाठी बदललेल्या नियमांचा इतिहास आहे. लेकर्स मिनिॲपोलिसला होते तेव्हा त्यांच्याकडे जॉर्ज मायकन होता. तो रिंगखाली उभा राहिला की संपलं. १९५० मध्ये फोर्ट वेन पिस्टन्सनी त्याच्यावर काढलेला उपाय म्हणजे चेंडू हातात धरून नुसतं उभं राहायचं. सामना १९-१८ असा संपला, एनबीएच्या इतिहासातली सर्वांत कमी धावसंख्या म्हणा हवं तर, आणि लेकर्सच्या १८ पैकी १५ गुण एकट्या मायकनचे. १९५१ मध्ये रिंगखालची पट्टी सहा फुटांची बारा फूट केली, ती त्याच्यामुळे. १९५४ मध्ये २४ सेकंदांचं घड्याळ आलं. मग विल्ट चेंबरलेन आला, १९६२ मध्ये एका सामन्यात १०० गुण काढले, आणि १९६४ ला पट्टी सोळा फूट झाली. कॉलेज बास्केटबॉलमध्ये १९६७ ते १९७६ डंकवरच बंदी होती, तो काळ पुढे करीम अब्दुल-जब्बार झालेल्या ल्यू अल्सिंडरचा.

आता शॅककडे या. २००१-०२ मोसमाआधी एनबीएमध्ये झोन बचाव (माणसाऐवजी जागा राखणं) चालत नसे. बचावपटूला आपल्या माणसाजवळच राहावं लागे. चेंडू येण्याआधी शॅकच्या पुढे एक आणि मागे एक असे दोघे उघडपणे उभे करता येत नसत. २००१ मध्ये ते मोकळं झालं. धागाकर्त्याने जे 'तिघांनी जागा सोडली' म्हटलंय ते आधी चोरून, अर्धं पाऊल आत टाकून करावं लागे, आता राजरोस करता येऊ लागलं. तरीही त्याच मोसमाच्या शेवटी न्यू जर्सीविरुद्ध त्याने ३६.३ काढले, हे विसरू नका.

दुसरा बदल २००४ चा. बाहेर खेळणाऱ्याच्या कमरेवर हात ठेवून त्याला वळवणं, म्हणजे हँडचेक, यावर पंच कडक झाले. विंग मोकळा सुटला. कोबीचा ३५.४ सरासरीचा मोसम आणि टोरोंटोविरुद्धचे ८१ गुण हे दोन्ही २००५-०६ मधले. त्याची कला अस्सलच होती, पण दरवाजा नियमांनी उघडला.

म्हणून माझ्यापुरतं उत्तर असं: २००१ पर्यंतच्या नियमांत मी डोळे मिटून सेंटर घेईन. २००४ नंतरच्या नियमांत चार वेळा विचार करीन.

कट्टेकरी

जुना खेळाडू, प्रतिसाद वाखुसा (वाचनखूण साठवली). मायकनचा किस्सा माहीतच नव्हता.

वर्तुळाबाहेरून

सेंटरवाल्यांना एकच प्रश्न. मायकेल जॉर्डन. सहा विजेतेपदं, आणि सेंटर कोण? बिल कार्टराईट आणि ल्यूक लाँगली. दोघेही प्रामाणिक, कामसू, पण त्यांच्यावर कुणी दुसरा माणूस पाठवत नसे. विंगवर उभारलेला संघ जिंकू शकतो याचा यापेक्षा मोठा पुरावा कुठला?

चौथा क्वार्टर

@वर्तुळाबाहेरून, जॉर्डन हा या धाग्यातला सर्वांत जड मुद्दा, नाकारत नाही. पण दोन गोष्टी. एक, जॉर्डनच्या शिकागो बुल्सकडे मोठा सेंटर नसला तरी रिंगखालचं काम करणारा माणूस कायम होता: पहिल्या तीन वेळा होरेस ग्रँट, नंतरच्या तीन वेळा डेनिस रॉडमन. दोन, १९८४ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची निवड) ह्यूस्टनने पहिला घेतला तो हकीम ओलाजुवान, जॉर्डन तिसरा. लोक मधल्या सॅम बोवीवरून पोर्टलँडला हसतात, ह्यूस्टनला कुणी नावं ठेवत नाही. कारण हकीमने १९९४ आणि १९९५ ची विजेतेपदं आणली, आणि १९९५ मध्ये ज्याला ४-० ने झोपवलं तो ऑर्लँडोचा तरुण शॅकच होता.

जॉर्डनइतका विंग मिळणार असेल तर विंग घ्या, माझी हरकत नाही. पण कोबीची तुलना शॅकशी चालली आहे, आणि ऐन भरातला शॅक हा जॉर्डनच्या पंगतीत बसतो.

उडता गरुड

मग २००४ नंतरचं बोलूया का? शॅक मायामीला गेला. २००६ ला तिथे विजेतेपद आलं, पण आणलं कुणी? ड्वेन वेडने, अंतिम फेरीत ३४.७ च्या सरासरीने. विंगने! शॅक तेव्हा १३.७ वर होता. आणि कोबीने २००९ आणि २०१० अशी दोन विजेतेपदं शॅकशिवाय जिंकून दाखवली, दोन्ही वेळा अंतिम फेरीचा एमव्हीपी. मोठ्या शरीराचा बहर लवकर ओसरतो, विंग वीस वर्षं एका संघाला पुरतो. संघ बांधणाऱ्याने हे बघायला नको का?

चौथा क्वार्टर

टिकण्याचा मुद्दा मान्य. तिथे कोबी सरळ पुढे, ३३,६४३ गुण बोलतात.

पण मधली वर्षं तुम्ही उडी मारून ओलांडलीत. शॅक गेल्यावर पहिल्याच मोसमात लेकर्स ३४-४८, प्लेऑफ म्हणजे बाद फेरीच्या बाहेर. त्याच मोसमात मायामी ५९-२३. ८१ गुणांच्या वर्षी कोबी जगातला सर्वांत भीतीदायक स्कोअरर होता आणि संघ पहिल्याच फेरीत फिनिक्सकडून ३-१ ची आघाडी घालवून हरला. चित्र पालटलं ते फेब्रुवारी २००८ मध्ये पाव गॅसोल आल्यावर. त्याच वर्षी अंतिम फेरी, पुढची दोन वर्षं विजेतेपद. २०१० चा बोस्टनविरुद्धचा सातवा सामना बघा: कोबीचे २४ शॉटपैकी ६ आत. गॅसोल १९ गुण, १८ रिबाऊंड. कोबीनेही १५ रिबाऊंड ओढले, हरायचं नाही म्हणून जिवाच्या आकांताने खेळला. पण ८३-७९ असा तो सामना रिंगखाली जिंकला गेला.

आणि २००४ ची अंतिम फेरी, डेट्रॉइटविरुद्ध, १-४. शॅकने ८४ शॉट मारले, ५३ आत. कोबीने ११३ मारले, ४३ आत. एवढी एक मालिका मला आजही पचत नाही. बेन वॉलेस एकटा शॅकसमोर उभा होता, आणि ६३ टक्क्यांनी टाकणाऱ्या माणसापेक्षा २९ शॉट जास्त ३८ टक्केवाल्याने घेतले.

उडता गरुड

ते ११३ शॉट टेशॉन प्रिन्सच्या लांबलचक हातांवरून घ्यावे लागले, कारण चेंडू आत पोचवायला धड गार्ड नव्हता. गॅरी पेटन संपला होता, कार्ल मलोनचा गुडघा गेला होता. आत चेंडू जाईना म्हणून कोबीने मारले. 'सेंटरला चेंडू कुणीतरी आणून द्यावा लागतो' हे मी पहिल्या प्रतिसादात म्हटलं होतं, डेट्रॉइटने तेच सिद्ध केलं.

मस्तान तलाव

या शेवटच्या मुद्द्यावर बोलायला आलो. नागपाड्यात लहानाचा मोठा झालो, आता पोरांना शिकवतो. आमच्याकडे बास्केटबॉल म्हणजे वेग आणि हातचलाखी. गल्लीगल्लीत ड्रिबलवाले गार्ड मिळतील. उंच पोरगा आला की सगळे खूश होतात, त्याला रिंगखाली उभा करतात आणि मग त्याला चेंडूच मिळत नाही. पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ उभ्या माणसाला, पास देणं ही वेगळी विद्या आहे. बचावपटूच्या कानाजवळून, नाहीतर जमिनीवर एक टप्पा देऊन, उंच माणसाच्या बाहेरच्या हातात, आणि तेही नेमक्या त्या एका सेकंदाला, ज्यात त्याने जागा धरलेली असते. एक सेकंद उशीर झाला की मागचा पुढे येतो.

फिल जॅक्सन आणि टेक्स विंटर यांची ट्रँगल ही तिघांच्या त्रिकोणावर उभी आक्रमणाची रचना शॅकला पावली ती यामुळेच. पोस्टवर शॅक, विंगवर एक, कोपऱ्यात एक. विंगवरून पास अडला तर चेंडू कोपऱ्यात, तिथून आत. दोन कोनांतून एकच माणूस दिसतो. आणि शॅक नुसता धडका देणारा नव्हता. २००१ च्या अंतिम फेरीच्या दुसऱ्या सामन्यात त्याचे २८ गुण, २० रिबाऊंड, ९ असिस्ट (ज्यावर सहकारी बास्केट करतो असा पास) आणि ८ ब्लॉक (अडवलेले शॉट) होते. नऊ असिस्ट! दोघे अंगावर आल्यावर मोकळा माणूस कोण हे त्याला न बघता कळायचं.

गरुडभाऊ, तुमचं म्हणणं बरोबर आहे, सेंटर दुसऱ्यावर अवलंबून असतो. पण त्यामुळे बाकीचे चार जण पास द्यायला, कापून धावायला, जागा सोडून उभं राहायला शिकतात. विंग स्वतःच सगळं करू लागला की बाकीचे चार उभे राहून बघायला शिकतात. शिकवणारा म्हणून मला पहिला संघ हवा.

उडता गरुड

मस्तानभाऊ, हा प्रतिसाद आवडला. मत बदललेलं नाही, पण पुढच्या वेळी सामना बघताना पास देणाऱ्याकडे नक्की बघणार.

नवखा स्प्लॅश

मी २०१५ नंतर बघायला लागलो, त्यामुळे शॅक मला फक्त टीव्हीवरच्या गप्पांतून माहीत. आज त्याला पिक-अँड-रोलमध्ये (सहकारी आडवा उभा राहून चेंडूवाल्याला वाट करून देतो तो डाव) बाहेर खेचून लांबून नेम धरणाऱ्या स्टीफन करीसमोर उभा केला तर? कारकिर्दीत एकच थ्री (लांबून तीन गुणांचा शॉट) आत गेलाय म्हणे त्याचा. असा सेंटर आज चालेल?

जुना खेळाडू

बाहेर खेचतील, गुण काढतील, हे खरं. १९९९-२००० मध्ये एक संघ सामन्यामागे चौदाच्या आसपास थ्रीचे प्रयत्न करायचा, आता पस्तीसच्या वर. पण उलट बाजू बघा: आजच्या सडपातळ, झोन लावणाऱ्या पाचांत शॅकच्या कमरेला कमर लावून उभा राहणारा कोण आहे? शिवाय ऐन २८ व्या वर्षीचा शॅक पायाने हलका होता, लोकांच्या डोळ्यासमोर शेवटच्या वर्षांतला जडावलेला शॅक असतो.

आणि सेंटर संपला म्हणता म्हणता निकोला योकिच आला. २००० मध्ये शॅकने एमव्हीपी घेतल्यावर पुढे २०२१ पर्यंत एकाही सेंटरला तो मान मिळाला नव्हता, तो योकिचने मिळवला. २०२३ ला डेन्व्हरला विजेतेपद दिलं. ताकदीऐवजी पासच्या जोरावर तो तेच करतो, समोरच्या पाचांना जागा सोडायला लावतो. म्हणजे रिंगजवळच्या माणसाचं मोल कमी झालेलं नाही, त्याच्याकडे मागितलं जाणारं काम बदललं.

ढब्बू मिरची

कुंपणावरून उतरले, शॅकच्या बाजूला. पण मी यातलं काहीच थेट बघितलेलं नाही. कुठून सुरुवात करू?

चौथा क्वार्टर

@ढब्बू मिरची, २००१ ची प्लेऑफ बघा. लेकर्स १५ जिंकले आणि १ हरले, दोघेही एकाच वेळी शिखरावर. सुरुवात मावशींची क्षमा मागून सॅक्रामेंटोच्या मालिकेपासून करा. पहिला सामना: शॅक ४४ गुण, २१ रिबाऊंड. दुसरा: ४३ आणि २०. मग चौथा, तिथे कोबीचे ४८ गुण आणि १६ रिबाऊंड. त्यानंतर सॅन अँटोनियोविरुद्धचा पहिला, टिम डंकन आणि डेव्हिड रॉबिन्सन या दोन उंच माणसांच्या अंगणात जाऊन कोबीने ४५ काढले.

उडता गरुड

आणि त्याआधी ४ जून २००० चा पोर्टलँडविरुद्धचा सातवा सामना, नुसता चौथा क्वार्टर. लेकर्स १५ गुणांनी मागे. तिथून परत आले आणि शेवटचं मिनिट चालू असताना कोबीने स्कॉटी पिपेनला चकवून आत मुसंडी मारली, सगळ्यांना वाटलं तोच शॉट घेणार, आणि त्याने चेंडू रिंगच्या वर हवेत सोडला. शॅकने एका हाताने तो आत हाणला. त्यानंतर बोटं वर करून, तोंड उघडं टाकून धावत परत येणारा शॅक बघा. ८९-८४ जिंकले. पास कोबीचा होता, एवढं लक्षात ठेवून बघा.

फ्रीमाँटची मावशी

क्षमा नाही. पण २००२ चा सातवा सामनाही बघ गं, जादा वेळेत गेला होता. आमच्या पोरांचे फ्री थ्रो मोज, म्हणजे कळेल की रेषेवर फक्त शॅकचेच हात थरथरत नव्हते.